हातातला दोर

मननासाठी शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस पत्र २:१-११, योहान ३:२२-३०





वयाची सत्तरी ओलांडल्यावर मनुष्याला काही नवे शिकावयास मिळेल अशी अपेक्षा फारशी उरत नाही. मीही त्याच समजुतीत होतो. परंतु २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील एका नदीवर, एका लहानशा नौकेत, हाती ओला दोर धरून उभा असताना प्रभूने मला एक धडा दिला. छत्तीस वर्षे उपदेशपीठावरून तोच धडा मी इतरांना शिकवीत आलो होतो. स्वतः मात्र शिकलो नव्हतो. तो आज आपणांपुढे नम्रपणे ठेवतो.

प्रथम माझी त्या वेळची मनःस्थिती सांगितली पाहिजे. माझ्या सेवेची बहुतेक वर्षे महाराष्ट्राबाहेरील एका शहरातील मराठी मंडळीत गेली. रेल्वेत, गिरण्यांत व लष्करी खात्यात नोकरीसाठी आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी ती मंडळी उभी केली. परक्या मुलखात मराठी उपासना आणि मराठी गायन हेच त्यांचे माहेर होते. माझ्या निवृत्तीनंतर एक तरुण पाळक तेथे आले. मंडळीतील मुले मराठी बोलतात परंतु वाचू शकत नाहीत, आणि नातवंडांना तर उपदेश कळतही नाही, हे त्यांनी पाहिले. महिन्यातील दोन रविवारी उपासना हिंदीतून व्हावी, असा प्रस्ताव त्यांनी पास्टरेट कमिटीपुढे मांडला. मला तो घाव वाटला. मी चार पानांचे पत्र लिहिले. त्यात पूर्वजांचा त्याग होता, भाषेचा अभिमान होता, आणि खरे सांगावयाचे तर त्या तरुणाविषयी कडवटपणाही होता. ते पत्र टपालात टाकण्यापूर्वीच मला मुलाकडे शिकागोस जावे लागले. पत्र माझ्या पिशवीतच राहिले. तेथून ते पाठवावे, असा माझा निश्चय होता.

मुलाच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. पत्नी निवर्तल्यापासून ते एकटेच असतात. त्यांची छत्तीस फूट लांबीची स्वतःची नौका आहे. मिशिगन सरोवराच्या काठी हिवाळा कडक असतो. तो सुरू होण्यापूर्वी अनेक नौकामालक नद्यानद्यांतून दक्षिणेकडे, मेक्सिकोच्या आखाताकडे निघतात. काही जण तर वर्षभरात पूर्व अमेरिकेला जलमार्गाने प्रदक्षिणाच घालतात. हा फेरा सुमारे सहा हजार मैलांचा आहे. आखातावर वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत मानला जातो. म्हणून फार लवकर पोहोचूनही चालत नाही आणि उत्तरेत फार दिवस रेंगाळूनही चालत नाही. शरद ऋतूतील ते थोडे आठवडेच या प्रवासाचे खरे दिवस. शेजारी म्हणाले, "ग्राफ्टनपर्यंत माझ्यासोबत चला. मला दोर धरणारी माणसे हवीच आहेत." अशा रीतीने मुलगा आणि मी त्यांचे सोबती झालो.

शिकागोपासून मिसिसिपी नदीवरील ग्राफ्टन गावापर्यंत हा मार्ग सुमारे सव्वातीनशे मैलांचा आहे. आरंभी १९०० साली खुला झालेला मोठा कालवा लागतो. सरोवराचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे अटलांटिक महासागराला जाणारे. माणसांनी उंचवटा खोदून त्याचा काही अंश पश्चिमेकडे वळविला. पुढे देस प्लेन्स नदी, आणि मग इलिनॉय नदी. या सर्व वाटेत पाणी सुमारे १६० फूट खाली उतरते. एवढ्या उतारावर वाहत्या नदीत मोठी नौका चालणे कठीण. म्हणून जागोजागी बांध घालून नदीच्या पायऱ्या केल्या आहेत, आणि एका पायरीवरून दुसरीवर जाण्यासाठी 'लॉक' बांधले आहेत.

ज्यांनी असे लॉक पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करतो. आपल्या देशात गंगेवर फरक्का येथे नौकांसाठी अशी सोय आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना प्रचंड दरवाजे असलेला एक लांबट हौद. इलिनॉय नदीवरील हौद ६०० फूट लांब व ११० फूट रुंद आहेत. उतरणारी नौका वरच्या दरवाजाने आत येते व दरवाजा मिटतो. मग तळाजवळच्या झडपा उघडतात, हौदातले पाणी खालच्या अंगास वाहून जाते आणि पाण्याबरोबर नौका खाली उतरते. दोन्हीकडचे पाणी समपातळीत आले म्हणजे खालचा दरवाजा उघडतो. या कामी पंप लागत नाही. सर्व काही पाण्याच्या स्वतःच्या वजनाने होते. आणि पातळी समान होईपर्यंत कोणीही, कितीही बळ लावले तरी दरवाजा उघडत नाही, कारण पाण्याचा दाबच त्याला मिटून धरतो.

प्रवासाच्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. लेमॉन्ट गावाजवळ रेल्वेचा एक जुना पूल आहे. तो वर उचलला जात नाही, आणि पाण्यापासून त्याची उंची सुमारे साडेएकोणीस फूटच आहे. ज्यांना शिडांच्या नौका घेऊन या वाटेने जावयाचे असते, त्यांना शिकागोच्या परिसरातच डोलकाठ्या उतरवून आडव्या ठेवाव्या लागतात. कितीही दिमाखदार नौका असो, तेथून पुढे ती मस्तक नमवूनच जाते. मुलगा म्हणाला, "पप्पा, गरीब-श्रीमंत सगळ्यांना इथे सारखंच वाकावं लागतं." मी हसलो. ते वाक्य माझ्यासाठी होते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. लॉकमध्ये प्रवेशाचा क्रम ठरलेला असतो. सरकारी नौका, मग उतारूंच्या नौका, मग मालवाहू बार्ज, आणि हौसेने फिरणाऱ्या खाजगी नौकांचा क्रम शेवटचा. शरद ऋतू हा मका व सोयाबीनच्या सुगीचा काळ. दोन्ही तीरांवर शेते कापून पिवळी झालेली, आणि धान्याने भरलेले बार्ज नदीतून समुद्राकडे निघालेले. एकेक ताफा पंधरा बार्जांचा. पाचांच्या तीन रांगा एकत्र बांधलेल्या, आणि मागून त्यांना ढकलणारे एक जहाज. एवढा ताफा सहाशे फुटांच्या हौदात मावत नाही, म्हणून तो तोडून दोन खेपांत न्यावा लागतो. त्यात दीड-दोन तास सहज जातात. एके ठिकाणी आम्ही चार तास काठाशी थांबलो. मी चुळबूळ करू लागलो तेव्हा आमचे यजमान शांतपणे म्हणाले, "ते भाकरी घेऊन चालले आहेत, आपण सहलीला. त्यांनी आधी जावे हेच बरोबर." भोजनाला बोलाविले असता मुख्य आसन न धरता शेवटच्या आसनावर बसावे, हा प्रभूचा दाखला मी कितीदा समजावून सांगितला असेल! (लूक १४:७-११) परंतु शेवटच्या आसनावर चार तास बसण्याचा सराव मला नव्हता.

आता त्या प्रसंगाकडे येतो.

लॉकमधून खाली उतरताना नौका भिंतीशी धरून ठेवावी लागते, नाही तर वाहत्या पाण्याच्या ओढीने ती हेलकावे खाऊन भिंतीवर वा दुसऱ्या नौकेवर आदळते. एका लॉकमध्ये वरच्या माणसाने आम्हांस दोर खाली सोडला. त्याचे दुसरे टोक वर पक्के बांधलेले होते. यजमानांनी मला तीनदा बजावले होते की, दोराचा नौकेच्या खुंट्याला एकच वेढा द्यावयाचा, टोक हातात ठेवावयाचे, आणि पाणी उतरेल तसतसा दोर सैल सोडावयाचा. कोणत्याही कारणास्तव गाठ मारावयाची नाही. मी मान डोलावली. परंतु थंडी फार होती, ओल्या दोराने बोटे बधिर झाली होती, आणि मनात तर ते चार पानी पत्र घोळत होते. एकदा पक्के बांधून टाकले म्हणजे निश्चिंती, असा विचार करून मी दोन वेढे देऊन गाठ मारली आणि हात कोटाच्या खिशात घातले.

पाणी उतरू लागले. ते उतरताना आवाज करीत नाही. भिंतीवरचा ओला पट्टा वाढत जातो, तेवढाच. अर्ध्या मिनिटात दोर ताठ झाला. मग नौका एका कुशीला कलू लागली. कपाटातील भांडी खाली पडल्याचा आवाज आला. मुलगा पुढच्या टोकाकडून ओरडला, "पप्पा, दोर सोडा! सैल सोडा!" मी गाठीला हात घातला, पण आता ती सुटणार कशी? सारी नौका त्या गाठीला लोंबकळत होती. खुंट्याभोवतीचे लाकूड करकरले. तेवढ्यात यजमान धावत आले. लॉकमध्ये ते नेहमी कमरेला सुरी ठेवीत. त्यांनी मला मागे सारून एकाच घावात दोर कापला. नौका धाडकन खाली पाण्यावर बसली व भिंतीवर आपटली. खुंट्याला तडा गेला, माझ्या तळहाताची कातडी सोलली, इतकेच. याहून पुष्कळ काही होऊ शकले असते.

यजमान रागावले नाहीत. जखमेला पट्टी बांधीत ते म्हणाले, "पाणी उतरणारच होते. तुम्ही त्याला धरू शकत नव्हता."

त्या रात्री आम्ही एका धक्क्याला लागलो. मी डेकवर एकटाच बसलो. स्थलांतर करणारे पांढरे पेलिकन पक्षी पाण्यावर निवांत बसले होते. तेही त्याच नदीने दक्षिणेकडे निघालेले. मी पिशवीतून ते पत्र काढले आणि आतल्या दिव्याच्या उजेडात पुन्हा वाचले. वाचता वाचता ओशाळलो. ती चार पाने म्हणजे माझी गाठ होती. मंडळीत पाणी उतरू लागले होते. एक पिढी सरून दुसरी येत होती. तरीही मी माझ्या काळाच्या पातळीला सारी नौका बांधून ठेवू पाहत होतो. त्या नौकेत माझ्याखेरीज इतरही माणसे आहेत, लहान लेकरे आहेत, हे मी पाहिले नव्हते.

बंधु-भगिनींनो, त्या रात्री पवित्र शास्त्रातील तीन ठिकाणे माझ्यापुढे उभी राहिली.

पहिले ठिकाण फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय. फिलिप्पै येथील मंडळीत मतभेद होते, प्रत्येक जण आपलेच पाहत होता. त्यांना पौलाने ख्रिस्ताचे उतरणे दाखविले. देवाच्या बरोबरीची पदवी ज्याची हक्काची होती, त्याने ती मुठीत आवळून धरली नाही. तो रिक्त झाला, दास झाला, मनुष्य झाला, आणि त्याहीपेक्षा खाली, वधस्तंभावरील मरणापर्यंत उतरला. पायरीमागून पायरी, जणू एका लॉकमधून दुसऱ्या लॉकमध्ये. कोणी त्याला ढकलून खाली आणले नाही. त्याने आपल्या हाताने दोर सोडला. आणि देवाने त्याला उंच केले ते या उतरण्यानंतर. आपण मात्र उंचीचा आरंभ उंचीपासूनच व्हावा असे म्हणतो.

दुसरे ठिकाण यार्देन नदी. इब्री भाषेतील 'उतरणे' या धातूशी या नावाचा संबंध जोडला जातो. गालील समुद्र मुळातच समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे. तेथून यार्देन आणखी उतरत जाऊन मृत समुद्रास मिळते, जो आज समुद्रसपाटीच्या ४३० मीटरांहूनही अधिक खाली आहे. अरामाचा सेनापती नामान याला आपल्या देशाच्या नद्यांचा अभिमान होता. तो या नदीत उतरला तेव्हाच शुद्ध झाला (२ राजे ५). आणि आपल्या प्रभूने बाप्तिस्म्यासाठी निवडली तीही हीच नदी. याच परिसरात योहान बाप्तिस्मा करणारा उभा होता. त्याचे शिष्य कुरकुर करीत आले की, लोक आता त्या दुसऱ्याकडे जात आहेत. योहानाने पत्र लिहिले नाही, तक्रार केली नाही. त्याने लग्नाचा दाखला दिला. वराचा मित्र वराचा शब्द ऐकून आनंदित होतो. आता वाढण्याची वेळ येशूची आहे आणि मागे सरण्याची माझी, अशा अर्थाचे तो बोलला. आपले शिष्य कमी होताना पाहून ज्याचा आनंद पूर्ण होतो, असा सेवक किती विरळा!

तिसरे ठिकाण मोशेचा शेवट (अनुवाद ३४). चाळीस वर्षे ज्याने लोकांना चालविले, त्याने वचनदत्त देश डोंगरावरून पाहिला. यार्देनेपलीकडे त्याचे पाऊल पडले नाही. पलीकडे नेण्याचे काम यहोशवाचे होते. मोशेने त्याच्यावर हात ठेवले होते. ते हात आशीर्वादाचे होते, अडविणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'स्टार्व्ह्ड रॉक' नावाच्या खडकाजवळ आलो. तेथेही लॉक आहे. या ठिकाणाचा इतिहास आपणां ख्रिस्ती लोकांना ठाऊक असावा. १६७३ साली फादर जाक मार्केत हे येशूसंघी धर्मगुरू आणि लुई जोलिए हे प्रवासी सालीच्या होड्यांतून मिसिसिपी नदी पाहून इलिनॉय नदीने परतले. लॉक नव्हते, कालवा नव्हता. उंचवट्यावरून होड्या खांद्यावर वाहून नेल्या. वाट दाखविली ती तेथील मूळ रहिवाशांनी. पुढे त्यांचीच भूमी त्यांच्या हातून गेली, हेही आपण विसरता कामा नये. या खडकासमोरच्या तीरावर कास्कास्किया लोकांचे मोठे गाव होते. मी पुन्हा येईन, असे वचन मार्केत यांनी त्यांना दिले. १६७४ च्या ऑक्टोबरात, अशाच शरद ऋतूत, ते निघाले. प्रकृती ढासळलेली होती. आजच्या शिकागोजवळ हिवाळा काढावा लागला. १६७५ च्या वसंतात ते गावात पोहोचले आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवसांत त्यांनी सुवार्ता सांगितली. त्यांना तेथे फार दिवस राहता आले नाही. परतीच्या वाटेवर १८ मे १६७५ रोजी मिशिगन सरोवराच्या काठी त्यांनी देह ठेवला. वय अवघे सदतीस वर्षांचे. पुढे फादर क्लोद आलुए यांनी ते काम हाती घेतले. मार्केत यांच्या वाट्याला त्या गावात थोडेच दिवस आले, आणि मला छत्तीस वर्षे मिळूनही ती पुरेशी वाटत नव्हती!

आणखी एक विचार त्या परदेशच्या नदीवर मनात आला व तो मला फार लागला. याच अमेरिकेतून निघालेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस पोहोचले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. आपली मातृभाषा बाजूस ठेवून ते मराठी शिकावयास बसले. आपली उपासना, आपली गीते, आपला देश यांचा दोर त्यांनी सैल सोडला, म्हणून सुवार्ता माझ्या पूर्वजांपर्यंत आली. 'प्रथम इंग्रजी शिका, मग तारणाची गोष्ट सांगू,' असे ते म्हणाले असते तर? ज्या मराठीसाठी मी भांडत होतो ती मराठी उपासना कोणाच्या तरी भाषात्यागाचे फळ होती. मग मराठी न समजणाऱ्या माझ्याच मंडळीतील लेकरांना मी काय सांगत होतो?

येथे कोणी म्हणेल, "तर मग भाषा सोडून द्यावी काय? परंपरा पाण्यात टाकावी काय?" नाही, प्रियहो. हा प्रश्न मीही यजमानांना निराळ्या शब्दांत विचारला होता : "बांधावयाचा नसेल तर दोर धरावयाचा तरी कशाला?" ते म्हणाले, "सोडून दिलात तर नौका आपटेल. बांधलात तर लटकेल. धरा, आणि पाणी मागेल तेवढा द्या." मला वाटते, वृद्ध पाळकाला, वडीलजनांना, मुलांच्या संसारात राहणाऱ्या आईवडिलांना, जुन्या संस्थेच्या जुन्या विश्वस्तांना एवढे तीन शब्दांचे मार्गदर्शन पुरे आहे : धरा आणि द्या. दोर हातात असला पाहिजे. म्हणजे प्रेम, प्रार्थना, आठवण, अनुभव हे सारे असले पाहिजे. गाठ मात्र नको. दोर हातातून सरकताना हाताला चटका बसतो, तो सोसला पाहिजे. वडीलधाऱ्यांची सेवा शेवटी या सोसण्यातच असते.

तरुणांनाही एक शब्द सांगतो. लॉकमधले पाणी एकदम सोडत नाहीत. झडपा हळूहळू उघडतात, कारण हौदातल्या लहान नौकांचा विचार करावा लागतो. मंडळीत बदल करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्यांच्या हातात जुना दोर आहे त्यांची बोटे बधिर झालेली असतात. त्यांना थोडा वेळ द्यावा. आणि दोन्हीकडची पातळी एक झाल्यावाचून दरवाजा उघडत नाही, हेही दोन्ही पिढ्यांनी ओळखावे. ज्येष्ठ उतरले पाहिजेत आणि तरुणांनी थांबले पाहिजे. मग प्रभूच दार उघडतो.

या प्रवासातील आणखी दोन लहान गोष्टी सांगून आटोपतो. पहिली अशी की, एवढे मोठे दरवाजे, एवढी यंत्रे, रात्रंदिवस माणसे, परंतु खाजगी नौकेला त्यातून जाण्याचे शुल्क द्यावे लागत नाही. मी पैसे काढू लागलो तेव्हा यजमान हसले. दुसरी गोष्ट पिओरिया व ला ग्रांज या खालच्या दोन बांधांची. तेथे बांधाचा एक भाग आडव्या पाडता येणाऱ्या फळ्यांचा आहे. नदीला पाणी चढले म्हणजे त्या तळाशी निजविल्या जातात, आणि नौका लॉकमध्ये न शिरता बांधावरूनच निघून जातात. खालून बांध आहे हे कळतही नाही. कृपेविषयी उपदेश करताना मी अनेक दाखले दिले आहेत. यापुढे हे दोन त्यांत येतील. आपण उतरतो ते प्रभूने मोल दिलेल्या मार्गाने. आणि कधी कधी त्याची कृपा एवढी चढते की, ज्या अडथळ्याची आपण धास्ती घेतली होती तो तळाशी राहून जातो.

ग्राफ्टनला इलिनॉय नदी मिसिसिपीस मिळते. तेथे आम्ही यजमानांचा निरोप घेतला. ते एकटेच पुढे जाणार होते. पुढल्या गावी त्यांचे दुसरे सोबती येणार होते. दोन नद्या मिळतात तेथे काही अंतरापर्यंत पाण्याचे दोन रंग दिसतात. मग एकच रंग होतो. मी ते पत्र फाडले व धक्क्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकले. त्या रात्री तरुण पाळकांना दुसरे पत्र लिहिले, एक पानाचे. हिंदी उपासनेस माझा विरोध नाही, मात्र त्या उपासनेत एक मराठी गीत असावे, आणि ज्या मुलांची इच्छा असेल त्यांना शनिवारी मराठी वाचावयास शिकविण्याची मला परवानगी मिळावी, एवढेच त्यात मागितले.

परत आल्यावर पहिल्या हिंदी उपासनेस मी गेलो. तिसऱ्या बाकावर बसलो. गीतांच्या चाली अपरिचित होत्या, आणि मला रडू आले, हे लपवीत नाही. माझ्या पुढच्या बाकावर एका जुन्या सभासदाची नात होती. माझ्या काळात ती उपदेशभर पाय हलवीत खिडकीबाहेर पाही. त्या दिवशी ती शेवटपर्यंत व्यासपीठाकडे पाहत होती. शनिवारच्या वर्गाला आरंभी नऊ मुले आली. आता चार येतात. त्या चारांपैकी ती एक आहे. गेल्या महिन्यात तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय अडखळत, पण स्वतः वाचला.

प्रिय वाचकहो, आपण नागपुरास असा वा नगरला, इंदुरास, बडोद्यास, हैदराबादेस वा दिल्लीस असा. जेथे कोठे मराठी प्रार्थना होते तेथे हा प्रश्न आज ना उद्या दाराशी येणार आहे. आणि भाषेचाच कशाला? अधिकाराचा, घराच्या किल्ल्यांचा, मुलांवरील हक्काचा, शरीरबळाचा, आणि अखेरीस या प्राणाचाही दोर एके दिवशी सैल सोडावा लागणारच आहे. पाणी उतरणार ते आपल्याला विचारून नव्हे. आज आपल्या हातात काय आहे, गाठ की दोर, हे प्रत्येकाने प्रभूसमोर पाहावे. गाठ असेल तर ती आजच, पाणी अजून वर आहे तोवर सोडावी. नंतर सुरीच लागते.

आपण प्रार्थना करू या.

हे दयाळू प्रभू येशू, तू आपले वैभव मुठीत धरून न ठेवता आमच्यापर्यंत उतरून आलास, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या हातांतील गाठी आम्हांला दाखव. जे राखावयाचे ते प्रेमाने धरण्यास आणि जे सोपवावयाचे ते आनंदाने सोडण्यास आम्हांला बळ दे. आमच्या मंडळ्यांतील वृद्धांना धीर दे, तरुणांना सबुरी दे, आणि लेकरांना त्यांना समजेल त्या भाषेत तुझी वाणी ऐकू दे. उतरत्या वाटेवर तू आमच्या नौकेत राहा, आणि आमचा शेवटचा दोर सुटेल तेव्हा तुझ्या हाती आम्हांला सुखरूप घे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.